वाटी, येडी आणि अवं

सुजाता दोन वर्षांची होऊन गेली तरी मला आई म्हणत नव्हती. ती मला ‘अवं’ म्हणायची. आमच्याकडे तेव्हा नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. अवं, पाणी आण. अवं, दुपट्टा कुठी ठेवला? अवं, भाकर झाली काय? दिवसभरात सुजाताचे बाबा इतक्यांदा अवं म्हणायचे, की त्या पोरीनं आपल्या परीनं ठरवून टाकलं असणार, या बाईचं नाव अवं आहे. दारात उभी राहून, पोट पुढं काढून, अगदी बापाच्या सुरात ती ओरडायची, “अवंऽऽ!” आणि आवारातल्या बाया हसून हसून लोळायच्या. मीही हसायची, पण आतून ते मला झोंबायचं.

यात तिचा तरी काय दोष म्हणा. मी स्वतः माझ्या मायला जन्मभर ‘वहिनी’ म्हणत आले, कारण घरात काका आणि आत्या तिला वहिनी म्हणायचे. ती गेली तेव्हासुद्धा मी वहिनी, वहिनी म्हणूनच रडले. आमच्या गावातल्या मास्तरांच्या मुली तेवढ्या आईला आई म्हणायच्या, आणि तो शब्द मला फार आवडायचा. तोंड नुसतं उघडायचं की अर्धा शब्द झाला. सुजाता पोटात होती तेव्हाच मी ठरवलं होतं, माझं लेकरू मला आई म्हणेल. म्हणून ती बसायला लागल्यापासून मी तिच्यापुढं बसून स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ‘आई, आई’ म्हणत राहायची. ती माझ्याकडं मोठ्या कौतुकानं बघायची, जणू मीच बोलायला शिकतेय, आणि मग माझं बोट धरून तोंडात घालायची.

मी भंडाऱ्याकडची, धानाच्या मुलखातली. कापूस मी उशीत पाहिला होता आणि कुणाच्या तरी कानात, अत्तराच्या बोळ्यात. लग्न होऊन घाटंजीला आले ती थेट जिनिंगच्या आवारात. सुजाताचे बाबा तिथं फिटर होते, म्हणून लोक त्यांना फिटरभाऊ म्हणत आणि मला फिटरीण. कामगारांसाठी कुंपणाला लागून टिनाच्या खोल्यांची एक रांग होती, तिच्यात शेवटून दुसरी खोली आमची. खोलीसमोर अंगण म्हणून जे होतं, ते अंगण कमी आणि कापसाचं खळं जास्त. बैलबंड्या येत, कापूस उतरत, ढीग छपराएवढा होई. मग मशीन सरकी वेगळी करी आणि रुई वेगळी, आणि जी रुई कुठल्याच गाठीत बसायची नाही ती आमच्या घरात येई. वरणात रुई, चहात रुई, सुजाताच्या पापण्यांवर रुई. मी सुरुवातीला दिवसभर झटकत बसायची. नंतर कळलं की इथं झटकणं हे काही काम नव्हे, इथं रुईसकट जगायचं असतं.

मला लहानपणापासून एक खोड, जे दिसेल त्याबद्दल विचारायचं. सरकी म्हशीला घालतात तर माणूस का खात नाही? एका झाडाचा कापूस पांढराफेक आणि शेजारच्याचा पिवळट कशानं? मशीनमधल्या रुळाला चामडं कशाला लावतात? सुजाताचे बाबा कानाला दुपट्टा गुंडाळून घरी यायचे आणि माझे प्रश्न सुरू झाले की तो सोडतच नसत. “आमची सीआयडी आली,” म्हणायचे. मग सुजाता झाली, आणि माझी सगळी सीआयडीगिरी तिच्या मागं लागली.

ती वर्षं कापसाची फार वाईट होती. त्याबद्दल पुढं पेपरांत पुष्कळ छापून आलं, मोठमोठी माणसं येऊन गेली, मी त्यात शिरत नाही. आम्हांला ती वर्षं कळायची ती आवाजावरून. बंड्या आल्या की मशीन चाले, आणि मशीन चाललं की घरं चालत. बोंडअळीनं खाल्लं, भाव पडले, की शेतकरी कापूस घरातच दाबून ठेवी, नाहीतर दुसरीकडं घालून येई, आणि मग इथं मशीन मध्येच थांबे. सुजाता त्या घरघरीत जन्मली आणि त्या घरघरीतच झोपायला शिकली. इतर घरांत लेकरं आवाजानं दचकून उठतात, आमची पोरगी मशीन बंद झालं की उठायची. पाळण्यात ताठ बसून चारी बाजूंना बघायची, हे काय झालं म्हणून. मग तिच्या बापानं तोंडानं ‘घर्रर्र’ काढायचं आणि मी पाळणा हलवायचा. थोड्याच दिवसांत ती स्वतःच घर्रर्र म्हणत स्वतःला झोपवू लागली.

आज माझ्या नातीचे फोनमध्ये इतके फोटो आहेत की बघता बघता फोन गरम होतो. सुजाताचा शाळेत जाईपर्यंत एकही फोटो नाही. फोटो नव्हता म्हणूनच की काय, मी तिला बघून ठेवत होते. सकाळच्या उन्हात ती आपल्या सावलीच्या डोक्यावर पाय द्यायला धावायची आणि सावली पुढं सरकली की रागानं खाली बसायची, मग सावलीही बसली म्हणून खूश व्हायची. शिंक आली की आपल्यालाच कुणीतरी ढकललं असं समजून मागं वळून बघायची. रुईचा बोळा झबल्याखाली धरून त्याला थोपटायची. तो बोळा भिजून आक्रसला की माझ्याकडं आणून दाखवायची, आणि मी दुसरा दिला तरी तोच पाहिजे म्हणून हट्ट धरायची. तुरीच्या उकडलेल्या शेंगा सोलून दिल्या की दाणे मला आणि सालं तिला, अशी तिनं वाटणी केली होती. मी या सगळ्याचा विचार करत भांडी घासायची. तिला सालाची चव आवडते की सोलायचा आवाज? झोपेत ओठ हलतात तेव्हा ती कुणाशी बोलते? अजून बोलता येत नाही, तर स्वप्नात तरी येत असेल का?

शेवटच्या खोलीत झमकू राहायची. ती दिग्रसकडच्या तांड्यावरून हंगामापुरती आलेली बंजारा बाई, माझ्याहून दोनचार वर्षांनी मोठी असेल. आरशांची चोळी, हातभर पांढरे चुडे, आणि चालली की रस्ता आपलाच असल्यासारखी चालायची. तिचा नवरा गाठी बांधायच्या कामावर होता. झमकूची पाळी दुपारची आणि माझी सकाळची. मी कवडी निवडायला जायची, म्हणजे कापसातला डागाळलेला, किडका भाग हातानं वेगळा करायला. लहान लेकरांना तिथं न्यायची बंदी होती, रुई नाकातोंडात जायची. म्हणून सकाळी मी सुजाताला झमकूच्या दारात सोडायची आणि दुपारी न्यायची. तेव्हा झमकू माझ्याकडं येऊन चहा घ्यायची आणि मग पाळीवर जायची. कोणी कोणावर उपकार करतंय असं आम्हां दोघींनाही कधी वाटलं नाही.

सुजाता बोलायला लागली ती झमकूच्या दारात, हे मला फार उशिरा कळलं. एके दिवशी घरी येऊन ती भुकेनं ‘बाटी, बाटी’ करायला लागली. मला वाटलं वाटी मागते. मी वाटी दिली. तिनं फेकली. मी मोठी वाटी दिली. तीही फेकली. मग मी पितळेची दिली, तर ती जमिनीवर आडवी होऊन हातपाय आपटायला लागली. अख्खी मांडणी रिकामी झाली, सगळ्या वाट्या जमिनीवर, आणि मध्ये ही लाल तोंडानं रडतेय. दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर परतले, तर झमकू चुलीपुढं बसून ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तिच्यापुढं धरून म्हणत होती, “आव, छोरी, बाटी.” तव्याएवढा उजेड पडला माझ्या डोक्यात! मी तिथंच फतकल मारून बसले आणि झमकूला सगळा वाट्यांचा किस्सा सांगितला. ती इतकी हसली की तिच्या कानातले झुमके तोंडावर आपटायला लागले.

मग मला नादच लागला. सुजाता नवीन काही बोलली की मी झमकूला विचारायची, हे तुझ्यातलं आहे का माझ्यातलं? कधी शब्द झमकूचा निघायचा, कधी माझा, आणि कधी दोघींचाही नसायचा. तेव्हा आम्ही तो सुजाताच्या नावावर करून टाकायचो. मला मोठी गंमत वाटायची. एवढंसं डोकं, दोन मुठींत मावेल असं, आणि त्यात दोन बायांच्या दोन भाषा जाऊन बसतात, एकमेकींना धक्का न लावता! माझ्या पोटची पोर मला न येणारी भाषा बोलते, याचा मला अभिमानही होता आणि थोडी भीतीही. आपलं लेकरू आपल्याला पूर्ण कळतं असं आईला वाटत असतं. मला तर त्याचा अर्धा शब्दकोश शेजारी विचारावा लागत होता.

पण एक शब्द मी झमकूला विचारू शकले नाही.

मशीन जोरात चालू होतं त्या दिवशी. मी कामावरून येत होते, झमकू कुंपणाशी गोवऱ्या रचत होती, आणि माझी पोरगी तिच्या मागं घागऱ्याला धरून ओरडत होती, “येडी! ए येडी!” शेजारणीला, जी सकाळपासून हिला सांभाळते, खाऊ घालते, तिला ही चिमुरडी येडी म्हणते! हा शब्द कुठून आला असेल, कोणी शिकवला असेल, आणि मुख्य म्हणजे झमकूला काय वाटत असेल? झमकू तर वळून तिला उचलून घेत होती, हसत होती. मला वाटलं, बिचारी मन मोठं करून ऐकून घेते. इतर शब्द विचारता येतात, पण माझी पोरगी तुला येडी काहून म्हणते, हे कोणत्या तोंडानं विचारायचं? संध्याकाळी मी सुजाताच्या बाबांना सांगितलं, “ही झमकूले येडी म्हणून राह्यली.” त्यांनी कानावरचा दुपट्टा थोडा वर केला, ‘येडी’ ऐकलं, “पोट्टी बापावर गेली,” म्हणाले आणि दुपट्टा परत खाली केला.

दुसऱ्या दिवशी झमकूदेखत मी सुजाताला समोर उभं केलं आणि म्हटलं, “बाई, असं म्हणू नाही. मावशी म्हण. माऽवशी.” सुजाता झमकूकडं बघायला लागली. झमकूच्या हातात भांडं होतं, ते तिनं हळूच खाली ठेवलं.

“मावशी म्हणाले पाह्यजे,” मी झमकूकडं बघून हसत म्हटलं, “नाहीतं कसं दिसते ते!”

“हो,” झमकू म्हणाली. “मावशी बराबर हाय.”

त्या दिवशी ती चहाला थांबली नाही. पाळीला उशीर होतो म्हणाली. नंतरही थांबली नाही. सुजाताला सांभाळायची तशीच, तिचे केस विंचरून, तोंड धुऊन देणं तसंच, पण दारातून द्यायची आणि निघून जायची. मी मनात म्हटलं, बघ, तिला ते येडी लागलंच होतं, आता बाहेर पडतंय. म्हणून मी आणखी जोर लावला. उठता बसता सुजाताकडून मावशी घोकून घ्यायची. पोरगी हुशार, शब्द लगेच धरला. झमकू दिसली की लांबूनच ‘माऊशी’ म्हणू लागली. आणि जितकी ती म्हणे, तितकी झमकू गप्प होत जाई. माझ्यातली सीआयडी पार चक्रावून गेली. येडी म्हटलं तर हसत होती, मावशी म्हटलं तर हिचं तोंड उतरतं. हे कोणतं गणित?

मग आला बाजाराचा दिवस. घाटंजीचा आठवडी बाजार म्हणजे माझी मोठी हौस. घ्यायचं थोडं आणि बघायचं फार. सुजाता कमरेवर, पिशवी हातात, मिरच्यांच्या ओळीतून आम्ही शिंकत चाललो होतो. मिरचीवालीपाशी मी भावासाठी घासाघीस करत असताना मागून एका लेकराचा हंबरडा ऐकू आला. चुकलेलं लेकरू होतं, तीनेक वर्षांची पोर, घोट्यापर्यंत झबलं, नाक वाहतंय, आणि गर्दीच्या मधोमध उभी राहून जीव तोडून ओरडतेय, “याडी! याडीऽऽ!” बांगड्यांच्या दुकानापुढून आरशांच्या चोळीतली एक बाई हातातला चुडा तसाच टाकून धावत आली, तिनं त्या पोरीला उचललं, पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिचे पटापट मुके घेतले.

माझी सुजाता कमरेवर एकदम ताठ झाली. त्या पोरीकडं बोट करून म्हणाली, “याडी.” इथं मशीन नव्हतं. बाजाराचा गलबला होता, पण माझ्या कानाशी तिचं तोंड होतं. ‘ये’ नव्हतं ते, स्वच्छ ‘या’ होतं.

“मावशी,” मी मिरचीवालीला विचारलं, “ते लेकरू काय म्हणून राह्यलं होतं?”

“मायले हाका मारून राह्यलं होतं, दुसरं काय?” ती मिरच्या तोलता तोलता म्हणाली. “बंजाऱ्यायच्यात मायले याडी म्हणतेत. तू इथची नोहोय काय वं?”

मिरच्या घेतल्या की नाही, मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की मी बाजाराच्या कडेला, एका बंद दुकानाच्या ओट्यावर सुजाताला मांडीवर घेऊन बसले आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिले. म्हणजे ही आई म्हणाली होती. मी इतके दिवस छातीवर बोट ठेवून जो शब्द मागत होते, तो हिला केव्हाच आला होता. फक्त तो तिनं दुसरीला दिला होता, आणि दुसऱ्या भाषेत. मला झमकूचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आणि त्याच हेव्यात मला झमकूचं ते भांडं खाली ठेवणं आठवलं. मावशी बराबर हाय. तिच्या बाजूनं बघितलं तर काय झालं होतं? तिला एक लेकरू आई म्हणत होतं, आणि त्या लेकराची आई येऊन तिला सांगून गेली होती की तुला आई म्हटलेलं बरं दिसत नाही, तू मावशीच बरी.

सुजाताच्या बाबांना घरी आल्यावर सांगितलं, तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, “अवं, याडी म्हणजे माय. साऱ्या जिल्ह्याले ठाऊक हाय. तू मले येडी म्हणून सांगतलं!” आणि मग त्यांना हसू आवरेना. मला मात्र कधी एकदा झमकूशी बोलते असं झालं.

पण बोलायला फार वेळच उरला नव्हता. त्याच आठवड्यात मशीन थांबलं. बंड्या येणं बंदच झालं होतं. फाटकाबाहेर जिथं बैल सोडलेले असायचे तिथं नुसत्या शेणाच्या वाळलेल्या पोवट्या. मालकानं सांगितलं, यंदाचा हंगाम संपला, आणि उन्हं पुरती तापायच्या आत हंगामी माणसांनी गाठोडी बांधायला घेतली. सुजाता त्या शांततेत दिवसभर चिडचिडी झाली होती. मी तिला घेऊन झमकूच्या दारात गेले. झमकू गोधड्यांची वळकटी बांधत होती.

“झमकू,” मी म्हटलं, “मले ठाऊक नव्हतं वं. म्या येडी ऐकलं. मले वाटलं, पोरगी तुले येडी म्हणते, म्हणून मावशी म्हणाले लावलं.”

तिनं दोरीची गाठ मारता मारता हात थांबवला. “येडी?” ती म्हणाली. “मले येडी?”

आणि मग आम्ही दोघी त्या वळकटीवर बसून असं हसलो की आमच्या पलीकडच्या खोलीतली बाई बघायला आली. हसता हसता झमकूच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ती पुसत होती, आणि ते थांबत नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की आता ती हसत नाहीये.

“मीनं शिकवलं नाही वं तिले,” ती म्हणाली. “लेकराची आन. माह्या जावेचं पोट्टं चार दिवस आलं होतं, ते त्याच्या मायले म्हणे, हिनं ऐकलं. एक दिवस मी भाकर थापून राह्यली होती, मांगून आवाज आला, याडी. मी इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, म्हटलं कोनाले म्हणते? तं मलेच म्हणे.”

“मंग?”

“मंग काय. मीनं ओ देली.” ती सुजाताच्या पायातल्या वाळ्याशी चाळा करत होती. “माही छोरी हाय तांड्यावर, सासूपाशी. हिच्याएवढीच. इथं रुईत कुठी आणाव? दिवाळीले गेलती मी, तं सासूच्या मांगं लपली. सासूले याडी म्हणते ते. मले काहीच नाही म्हणत. मले पाह्यलं का रडते.”

मग मी म्हटलं, “मले अवं म्हणते.” झमकूनं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा तिला हसू फुटलं. दोन आया, आणि दोघींपैकी एकीलाही स्वतःच्या पोरीनं आई म्हटलेलं नाही. आता लिहिताना वाटतं, किती साधी गोष्ट होती ही, आणि आम्ही दोघी किती महिने एका भिंतीच्या दोन बाजूंनी हेच मनात धरून बसलो होतो.

मी सुजाताला झमकूच्या मांडीवर बसवलं आणि म्हटलं, “म्हण बाई, याडी म्हण.” सुजातानं माझ्याकडं शंकेनं पाहिलं. ही बाई आता काय सांगते! मग झमकूकडं वळून, अगदी शहाण्यासारखी मान हलवून म्हणाली, “माऊशी.” मी पुन्हा सांगितलं. पुन्हा माऊशी. मी गूळ दाखवला. गूळ खाल्ला आणि माऊशी. माझी घोकंपट्टी पक्की बसली होती. झमकू म्हणाली, “राहू दे वं. तांड्यावर जातोच हाव आता. तिथं हाय ना एक.” ते तिनं मला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे. तिथं जी होती, ती तरी तिला ओळखणार होती का, ही काळजी तिच्या त्या बोलण्यात होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुईच्या गाठी नेणारा ट्रक रिकामा परत जात होता, त्यात त्यांची सोय झाली. भांडी, खाटा, दोन कोंबड्या, एक शेळी आणि वर पाचसहा बाया. पुरुष मागं फळीला लटकून. झमकू अगदी पुढं, केबिनला पाठ टेकून बसली होती आणि शेळीला आवरत होती. मी सुजाताला कमरेवर घेऊन फाटकाशी उभी होते. ट्रक सुरू झाला, तसा सुजाताला तो आवाज ओळखीचा वाटला असावा, मशीन थांबल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी घरघरलं होतं. ती खुशीत आली आणि ओरडली, “माऊशी!” कुणी बघितलं नाही. ती पुन्हा ओरडली. ट्रकमधल्या बाया आपापल्या गाठोड्यांत, लेकरांत. त्या आवारात सगळ्याच बाया सगळ्या लेकरांच्या मावश्या होत्या, त्या हाकेला कोण वळणार? झमकूची मान खालीच होती. मुद्दाम होती की शेळीमुळं, ते मला आजही सांगता येणार नाही. ट्रक फाटकातून बाहेर पडायला लागला. ही अशी कशी जाऊ द्यायची?

मी स्वतःच ओरडले. पदर सावरायचंही भान नव्हतं. “याडी! ए याडीऽऽ!”

ट्रकमधल्या सगळ्या बायांनी एकदम माना वर केल्या. एकूण एक. शेळीच्या पाठीवरून झमकूनंही मान वर केली, माझ्याकडं बघितलं, सुजाताकडं बघितलं, आणि चुड्यांनी भरलेला तो हात वर करून तिनं मोठ्यांदा ओ दिली.

तेवढ्यात माझ्या हनुवटीला एक छोटासा हात लागला. सुजातानं दोन्ही हातांनी माझं तोंड धरून आपल्याकडं वळवलं. भुवया आक्रसलेल्या, खालचा ओठ पुढं. आपली वस्तू कुणी न विचारता उचलली की ती जशी बघायची, तशी ती माझ्याकडं बघत होती.

“आई!” ती मला रागावून म्हणाली. “नाई! माही याडी हाय!”

“हो माय,” मी म्हटलं, “तुहीच हाय.”